सुभेदारांच्या गाडीतला जोड

उंब्रज, मंगळवार संध्याकाळ

सुभेदारांच्या गाडीची काच अडकली म्हणून आज दाराचं पॅनेल उघडलं आणि हात तिथंच थांबला. अलार्मची वायर सेंट्रल लॉकला मीच जोडली होती. घाईत सोल्डर न करता नुसती पिळून, वर टेप. जोड सैल झालेला. म्हणजे रिमोट दाबला की पीप वाजणार, दिवे लुकलुकणार, पण दारं लागतीलच असं नाही.

दोनदा आले होते म्हातारे. "आरं, मी लॉक करतो, येऊन बघतो तर गाडी उघडी." मी हसलो होतो. "आवं, पीप वाजतंय न्हवं? तुमीच इसरत असाल." तेही त्यांच्या मुलासमोर. का बोललो?

तेव्हापासून किल्ली मुलाकडंच असते. आज तोच चालवत आला, सुभेदार शेजारी बसून.

जोड गुपचूप सोल्डर केला. रिमोट दाबला. पीप. चारी दारं एकदम लागली. तेव्हा तरी सांगायचं!

मुलानं विचारलं, "काचेशिवाय आणखी काय निघालं का?"

"न्हाई."

जाताना सुभेदार म्हणाले, "तुझंच बरोबर हुतं गड्या. मी लय इसराय लागलोय."

"वयानं व्हतंय," म्हणालो मी. खरंच असं म्हणालो.