तुझ्या मुठीत बसलेली जॉयस्टिक

दि. ३ मार्च

चि. ठकीस अ. उ. आ.

जॉयस्टिक पाठवली आहे. सहा वर्षांपूर्वी संधिवातानं तुझं विमान चालवायला शिकवणं सुटलं, तेव्हाच तो विषय मिटला असं आम्ही समजत होतो. आता कॉम्प्युटरवर पोरासोरांसारखं खोटं विमान उडवायचं म्हणतेस. उडव बापडी.

तू सांगितलेली हलकी, प्लॅस्टिकची पाहिली. निव्वळ खुळखुळा. म्हणून पूर्ण धातूची, दणकट घेतली. स्वतः धरून पाहिली, अगदी मुठीत बसली. स्प्रिंगही कडक आहे, म्हणजे बोटांना व्यायाम होईल. टेबलावर मधोमध ठेव आणि ताठ बस. तुझी निम्मी दुखणी लोळण्यातून आली आहेत, असं तुझ्या वहिनीचंही मत आहे.

लोभ या खेळण्यापेक्षा आमच्यावर थोडा जास्त असू दे.

तुझा दादा

दि. ११ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझी जॉयस्टिक दहा मिनिटं वापरली. दोन दिवस बटणं लावता येईनात. अक्षराचं हे जे झालंय तेही तिचंच देणं.

आपल्या दुकानात गिऱ्हाइकाला चार पावलं चालवल्याशिवाय तू जोडा बांधून देत नाहीस, आणि माझी जॉयस्टिक स्वतःच्या मुठीवर बेतून आणलीस. धन्य आहेस. बोटांना व्यायाम म्हणजे तर कहरच. संधिवात म्हणजे आळस नव्हे, हे सहा वर्षांत तुझ्या डोक्यात शिरलं नाही. आता शिरेल ही आशा मी सोडली. वहिनीचं मत तिला परत दे.

तुझी वस्तूही परत पाठवते. मला सैल स्प्रिंगची, बारीक मुठीची, डाव्या हातानंही चालणारी हवी. टेबल नको, तिथे कोपर अधांतरी राहतं आणि खांदा भरून येतो. खुर्चीच्या बाजूला फळी ठोकून घेईन, खाली, जिथे कोपरापासून सगळा हात उशीवर टेकेल आणि मनगट सरळ राहील.

हा हात अजून विमान उतरवतो का, एवढंच मला बघायचंय. नसेल उतरवत तर पुन्हा काही मागणार नाही. त्याचीच भीती वाटते, म्हणून एवढी चिडले आहे.

लोभ आहेच, तो वाढवण्याचे कष्ट तू घेऊ नयेस.

ठकी

दि. २० मार्च

चि. ठकीस आशीर्वाद.

खुळखुळा पाठवला आहे. या वेळी बोटं आखडून धरून पाहिला. दुकानदाराला वाटलं मी त्याची टर उडवतोय. वहिनीनं उशी शिवली आहे. मत मात्र तिनं मागे घेतलेलं नाही.

विमान आपटलं तर कळव. नाही आपटलं तरी कळव.

दादा

दि. २ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

आधी दोनदा आपटलं. तुझा आत्मा शांत झाला असेल. मग सुतार बोलावून फळी आणखी खाली घेतली, तेव्हा खांदा गप्प झाला. काल आडव्या वाऱ्यात दोन बोटांनी अलगद उतरवलं. नंतर बराच वेळ रडत बसले होते. हे वहिनीला सांगायचं नाही. उशी बरी आहे, हे सांग.

नोकरीत दिवसाला आठ-दहा वेळा उतरवायचे आणि कंटाळायचे. आता हात दिवसाला एकदाच उतरवू देतो. दुसऱ्यांदा मागितलं की दुसरा दिवस अंथरुणात जातो. म्हणून ते एक उतरवणं मी कुणालाही दाखवत नाही.

रविवारी ये. त्या दिवशीचं तुझ्यासमोर उतरवीन. शेजारी स्टुलावर बसायचं आणि एक अक्षर बोलायचं नाही.

तुझी,
ठकी