मी वाय दाबलं

४ जून, मंगळवार

सगळं गेलं! लेबलं छापायचा प्रोग्रॅम मशीनमधून उडाला — आणि उडवला मी.

जुना ऑपरेटर, ज्याला गोदामात सगळे चष्मा म्हणतात, मालकांशी भांडून गेला. तीन आठवडे झाले, त्याच्या खुर्चीवर मी. हमालीतून थेट कॉम्प्युटर! काम काय — बटण दाबा, खोक्यांची लेबलं निघतात. तेवढ्यावर गप्प बसलो असतो तर! पण काचेच्या खोलीत दिवसभर एकटा. म्हटलं, गाण्यांचा प्रोग्रॅम टाकू. मशीन लिनक्सचं, नेहमीच्या विंडोजचं नाही. ते म्हणालं, जमणार नाही — गाण्यांना एक पॅकेज, म्हणजे आतला जोडप्रोग्रॅम, नवा लागतो आणि इथे जुनंच, बदलू नये म्हणून, धरून ठेवलंय. नेटवरची एक ओळ जशीच्या तशी टाकली. धरलेलं सुटलं. मग ही लांबलचक इंग्रजी यादी, खाली प्रश्न — वाय की एन, म्हणजे हो की नाही? मी सातवी नापास. यादी कोण वाचतो! वाय दाबलं.

काय काय काढून टाकणार, त्याची यादी होती ती. लेबलांचा प्रोग्रॅम त्या जुन्या पॅकेजवरच चालायचा.

५ जून

हमाल हाताने लेबलं लिहितायत. "काय साहेब, कोणतं गाणं लावताय?" जेवायला त्यांच्यात गेलो तर कुणी सरकलं नाही. "तुला खुर्ची आहे ना, बस की तिथे!"

मालक एवढंच म्हणाले — "शनिवारपर्यंत बघतो. नाहीतर परत खोकी उचल."

आईचा फोन. "जेवलास का रे?" हो म्हटलं. जेवलो नव्हतो.

६ जून

लेबलांचा प्रोग्रॅम परत टाकतो, तर तो म्हणतो जुनं पॅकेज आण. जुनं आणायला जावं, तर नेटवर आता नवंच मिळतं. गाणी काढून टाकली. काही फरक नाही.

आज दिवसभरात एक शब्द बोललो नाही कुणाशी.

७ जून

मॉनिटरच्या मागे मार्करने लिहिलेला नंबर दिसला. चष्म्याचाच असणार. तासभर धीर होईना. शेवटी लावला.

"वाय दाबलंस?"

"हो दादा."

किती वेळ हसत होता! मग — "अरे शहाण्या, ते जुनं पॅकेज मी मुद्दाम धरून ठेवलं होतं. रडू नकोस. मशीन सगळं लिहून ठेवतं, ते उघड आधी."

खरंच की! तारीख, वेळ, काय घातलं, काय काढलं — सगळी नोंद. मशीनचीही रोजनिशी असते तर! पूर्वी नेटवरून उतरवून घेतलेल्या त्या जुन्या पॅकेजच्या फायलीही एका फोल्डरात तशाच पडून होत्या. तो एकेक अक्षर सांगत गेला, मी टाकत गेलो. जुनं बसलं. प्रोग्रॅम बसला. "आता परत धरून ठेव," म्हणाला. धरलं. दीड तास!

लेबल निघालं. तरी फोन ठेवावासा वाटेना. उगाच विचारलं, "दादा, जेवलात?"

८ जून, शनिवार

मालक खूश. "कुणी शिकवलं?" नेटवर बघितलं म्हणालो असतो तर खुर्ची पक्की होती. जिभेवर आलंही होतं. पण तो माणूस दीड तास बोलला माझ्याशी. सांगून टाकलं. मालकांनी फक्त नंबर मागितला.

मूर्ख आहे मी.

१० जून, सोमवार

खुर्चीवर चष्मा. मालकांनी बोलावून घेतलं. मी हातमोजे घालून खोक्यांकडे निघालो, तर आतून ओरडला — "कुठे चाललास? दोघं लागतात इथे, सांगितलंय मी मालकांना. ते स्टूल ओढ."