आवाज बंद करून पाहिलेला पहिला भाग

१२ सप्टेंबर १९९०, हवल्ली, कुवेत

—पडदे ओढले, आवाज शून्यावर आणला आणि कॅसेट आत ढकलली. खाली चौकीवर इराकी शिपाई आहेत. शेजारच्या इमारतीतले टीव्ही त्यांनी परवा गाडीत घालून नेले. आवाज ऐकला तर आमचाही नेतील.

व्हीसीआर वरच्या मजल्यावरच्या हानचा. शुऐबाच्या रिफायनरीत सुपरवायझर होता. कोरियन माणसं निघाली तेव्हा आमच्याकडे ठेवून गेला. सोबत कोबीच्या लोणच्याची बरणी आणि ही एकच कॅसेट. कुठल्याशा ऐतिहासिक मालिकेचा पहिला भाग. 'फर्स्ट पार्ट. व्हेरी सॅड. गुड.' एवढंच बोलला. पुढचे भाग सोलमध्ये, त्याच्या बायकोकडे.

आवाजच नाही. त्यामुळे भाषा येत नाही याचं काही वाटलं नाही.

१३ सप्टेंबर

पुन्हा तोच भाग. दुसरं काही नाही.

आज खालच्या मजल्यावरची नूरजहाँ आणि तिचा नवरा महबूबभाई आले. रत्नागिरीकडचे. महबूबभाई किराणा दुकानात आहेत. दुकानात आता फक्त बूटपॉलिश शिल्लक आहे.

नूरजहाँला नववा लागलाय. कॉटवर पाय लांब करून बसली आणि पडद्यावरच्या माणसांच्या तोंडी स्वतःच बोलायला लागली. राजा अंथरुणावर. नूरजहाँ: 'तांदूळ संपला गो राणी!' जाळीच्या काळ्या टोप्या घातलेले दरबारी गुडघ्यांवर. 'हुजूर, सकाळपासून रांगेत होतो. आमचा नंबर आला नि दुकान बंद झाला.'

महबूबभाई म्हणाले, 'राजा कधी तांदळाचं विचारील काय?'

'मरायला टेकलाय तो. मग काय सोन्याचं विचारील?'

मी हसले. बऱ्याच दिवसांनी. माझा नवरा दिनकर हसला नाही. मीना अब्दुल्ला बंदरावरचं त्याचं ऑफिस बंद पडल्यापासून तो जेवतो आणि रेडिओ ऐकतो.

१७ सप्टेंबर

रोज दुपारी तोच भाग. कथा एवढी कळली. राजा आजारी. एका दरबाऱ्यावर काहीतरी ठपका. त्याला राजधानीबाहेर हाकलतात. शेवटी त्याचं घर, दारात दोन पालख्या. एकीत तो बसतो. दुसरी रिकामी. बायको उंबऱ्याशी उभी. तो काहीतरी बोलतो. तिचे ओठ हलतात. चित्र तिथंच थांबतं, वर अक्षरं येतात.

ती चढत का नाही, ते पुढच्या भागात असणार.

नूरजहाँचं म्हणणं रोज बदलतं. काल: 'स्टो बंद केला काय बघून येते.' आज: 'तुमच्या आईकडे? मी? नाय येत जा!'

२० सप्टेंबर

बस ठरली. बसरा, बगदाद, अम्मान, तिथून मुंबईचं विमान. दिनकर आमची दोघांची नावं देऊन आला. चार ऑक्टोबर.

चला! बॅग काढली. दोन साड्या, सर्टिफिकिटं, आईचा फोटो.

हॉस्पिटलात, प्रसूती विभागात, जातेय म्हणून सांगितलं. आम्ही चार नर्स उरलोय. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. एकीनं ड्यूटीच्या तक्त्यावरून माझं नाव खोडलं. भांडायला हवं होतं.

२४ सप्टेंबर

नूरजहाँला तपासलं. बाळ आडवं आहे.

'डोका खाली हाय ना, सिस्टर?'

'फिरतात शेवटी,' म्हटलं.

कधी कधी फिरतात.

बसचा विषय तिनं स्वतःच काढला. 'वाळवंटात तीन दिस गचके खाऊन गेले तर बाळ बसमध्येच. नाय गो. आम्ही राहतोय. तू जा. डोळं नको भरून घेऊ.'

डोळे तिचे भरले होते.

२५ सप्टेंबर

बाई मूर्ख आहे. पालखी दारात, नवरा बोलावतोय आणि ही उभी!

२९ सप्टेंबर

बाळ अजून आडवं.

दिनकरला सांगितलं. तो म्हणाला, 'तिला नवरा आहे. हॉस्पिटल आहे.'

'हॉस्पिटलात मीच आहे.'

'तू नव्हतीस तेव्हा कुवेतात पोरं होत नव्हती?'

 डाळ निवडत बसले. मग तो म्हणाला, 'शामल, पुढच्या बसचं काही खरं नाही.'

ते मलाही माहीत आहे.

१ ऑक्टोबर

कोबीचं लोणचं संपलं. बरणी धुऊन ठेवली.

३ ऑक्टोबर

शेवटचं बघून घेऊ म्हणून दोघं दुपारी आले. नूरजहाँला धाप लागत होती. राजाचं कसंबसं बोलली. पालख्या आल्या तेव्हा म्हणाली, 'दिनकरभाई, त्या माणसाचा आज तुम्ही बोला.'

तो बोलेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. टीव्हीकडे बघतच म्हणाला, 'मला एकट्याला जायची भीती वाटते.'

महबूबभाई खाली बघायला लागले.

'आता तिचा तू बोल, सिस्टर. तोंड हलताय बघ!'

मी नूरजहाँच्या पाठीमागे उशी सरकवली. चित्र थांबलं, अक्षरं आली, मग मुंग्या. महबूबभाईंनी उठून टीव्ही बंद केला. व्हीसीआर ते खाली घेऊन गेले.

४ ऑक्टोबर

सकाळी शाळेच्या पटांगणातून बस सुटली. माझ्या जागेवर बॅग ठेवून दिनकर खिडकीशी बसला. बस हलली तेव्हा माझ्याकडे बघून काहीतरी बोलला. काच बंद होती. ओठ हललेले दिसले.

येऊ नकोस म्हटलं तरी नूरजहाँ आली होती, नवऱ्याचा हात धरून.

'काय बोलले गो?'

'जेवून घे म्हणाला.'

मग ड्यूटीवर गेले.