तुझ्या नावाचा फोन

प्रिय ठमी,

पत्र बघून हसशील. बोईसरजवळ सालवडला राहते, कंपनीत औषधाच्या गोळ्या पॅक करते, हातात मोबाइल आहे आणि तरी ही बाई वहीचं पान फाडून लिहीत बसलीय. हस, पण बसून वाच. उभ्याने वाचू नकोस, तुला हल्ली गरगरतं हे मला माहीत आहे. नीट वाच, कारण यात तुझ्या तब्येतीचं आहे.

दवाखान्याची आशा कार्यकर्ती जयवंतीताई आपल्या पाड्यावर सगळ्यांची नावं नोंदवायला आली होती, ते आठवतं? ती प्रत्येकाला मोबाइल नंबर विचारत होती. घराघरातून सगळ्यांनी माझाच नंबर दिला, कारण तेव्हा फोन माझ्याकडेच होता आणि तोही पाण्याच्या टाकीवर चढलं तरच लागायचा. मला केवढा मान वाटला होता. पुढे मला बोईसरला नोकरी लागली आणि माझ्याबरोबर पाड्याचा फोनही डोंगर उतरून गेला, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्याही नाही.

आता अख्ख्या पाड्याची तब्येत माझ्या खोलीत येऊन पडते. कोणाच्या बाळाची लस, कोणाच्या बीपीच्या गोळ्या. आणि तुझं तर विचारूच नकोस. हितेशच्या घरचे मला बघायला आले होते, त्याच वेळी फोन वाजला. मी चहा ओतत होते, म्हणून शेजारच्या सुगंधाकाकूंनी उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. आतून रेकॉर्ड केलेली बाई गोड आवाजात म्हणाली, अभिनंदन, तुम्हाला आता सहावा महिना लागला आहे. हितेशच्या आईचा चेहरा तू बघायला हवा होतास. ते बाळ तुझं आहे हे पटवता पटवता चहा पार गार झाला. तरी लग्न ठरलं, म्हणजे माणसं बरी असावीत.

हितेशचं म्हणणं एवढंच, की लग्नाआधी हा नंबर बंद कर आणि नवीन घे. त्याच्याकडे दोन फोन आहेत. पाड्यात आता दुसरा फोन का नाही, हे त्याला कळेना. मी म्हटलं, आहे ना, ठमीच्या नवऱ्याने घेतलाय. पण पावसाळा संपला की मिथुन वीटभट्टीवर जातो आणि फोन त्याच्या खिशातून जातो. मागे उरतात म्हातारी माणसं, पोरं आणि दोन जिवाच्या बाया, म्हणजे ज्यांना दवाखाना लागतो ते सगळे. तरी नंबर बंद करायचं काही त्याच्या डोक्यातून गेलं नाही.

खरं सांगू, मलाही कधी कधी वाटतं करावा बंद. आपल्या पाड्यातल्या सुकाबाबाचं काय झालं ते तू बघितलंस. डोळ्यांच्या शिबिरात त्याची पाळी आली, त्याने कार्ड दाखवलं, तर म्हणाले मोबाइलवर आकडा आला असेल तो सांगा. आकडा आलेला माझ्या मोबाइलवर, आणि माझा मोबाइल कंपनीच्या गेटवर कपाटात. आगीच्या भीतीने आमच्याकडे आत फोन नेऊ देत नाहीत. सुटल्यावर बघितलं तर फोनवर फोन येऊन गेलेले. म्हातारा तसाच परत फिरला. पुढच्या सुट्टीला मी घरी आले तेव्हा रागावला नाही, नुसता म्हणाला, "डोला माजा, पन तो हाय का नाय ते तुजा फोन सांगनार." आता त्याचा दुसरा डोळाही अंधुक झालाय.

तर आता तुझं. काल सुट्टी होती म्हणून फोन माझ्याजवळ होता. मनोरच्या दवाखान्यातून फोन आला, या वेळी खरीखुरी बाई. तिने विचारलं, ठमी बोलताय का? मी हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर तिने ठेवून दिला असता, अशी भीती वाटली. मग ती विचारू लागली, चक्कर येते का, धाप लागते का, पायांना सूज आहे का. मी वेड्यासारखी माझ्याच पायांकडे बघत राहिले. मागच्या सुट्टीला मी घरी आले तेव्हा तू टाकीवरून हंडा आणताना वाटेत सारखी खाली बसत होतीस, ते आठवून सांगितलं, येते, चक्कर येते. ती म्हणाली, तुमचं रक्त सहाच्याही खाली गेलंय, लगेच भरती होऊन रक्त चढवायला हवं, नाहीतर बाळंतपणात जिवावर बेतेल. तुझ्या जिवाची गोष्ट तुझ्याआधी मला कळावी, हे मला सहन होत नाही. जयवंतीताईचा फोन लागेना, मिथुनचाही बंद. म्हणून रात्रीच हे लिहायला घेतलं, आता सकाळी जीपवाल्या जिवल्याच्या हाती देतेय. तू हे वाचशील तेव्हा त्याची जीप बाहेर रिकामी उभी असेल, आणि तू बसल्याशिवाय त्याने वळायचं नाही असं ठरलंय. शेळ्यांचं सासूबाई बघतील, त्यांना हे पत्र मोठ्याने वाचून दाखव. मी आज कामावर जाणार नाही. मनोरला दवाखान्याच्या दारात फोन घेऊन उभी असेन, आकडा आला की मी सांगेन. हितेशलाही कळवलंय, हा नंबर बंद होणार नाही. फोनवर तुझ्या जागी मला हो म्हणता आलं, ठमी. तिथल्या खाटेवर तुझ्या जागी मला झोपता येणार नाही. ऊठ आणि जीपमध्ये बस.

वाट बघणारी, तुझीच
दीपिका