बाबांच्या मांडीवरची पर्स

प्रिय भिंगरी,

काल फोनवर तू तडकलीस ते बरंच झालं, नाहीतर मी हे तसंच गिळून बसले असते. तू निवडलेला मुलगा बाबांना पसंत नाही, म्हणूनच त्याच्या आईवडिलांबरोबर राजवाडा बघायला यायचं ते टाळतायत, असं तू धरून बसली आहेस. तू हौसेने सहा जणांची तिकिटं काढलीस आणि हे म्हणे, माझा गुडघा दुखतोय. अगं, गुडघा ठणठणीत आहे. परवाच स्टुलावर चढून पंखा पुसला त्यांनी. आणि त्या मुलाचं कौतुक तर न्हाव्यालासुद्धा सांगून झालंय.

हे फोनवर बोलायची सोय नाही. तुझा फोन आला की बाबा लगेच शेजारी येऊन बसतात आणि स्पीकर लाव म्हणतात. म्हणून पत्र लिहितेय. मला काय बोलायचं ते बोल, पण शेवटपर्यंत वाच.

मागच्या महिन्यात याच राजवाड्याची आम्हा दोघांची तिकिटं तू काढून दिलीस, तेव्हा बाबांचा थाट बघायला हवा होतास! तिकीट मोबाईलवर आहे म्हटलं तरी पटेना. कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. चॉकलेटी पॅन्टला स्वतः इस्त्री केली. मीच म्हटलं, राजवाड्यात जायचंय, भाजी आणायला नाही, ती क्रीम रंगाची घाला, फोटो छान येतील. मेली माझी हौस! त्यांनी मुकाट्याने घातली.

रांगेत आमच्यापुढे दोन बायका होत्या, चांगल्या शिकलेल्या, झुळझुळीत कपड्यांतल्या. झालं, माझी गाडी सुटली. माझी मुलगी अशी, माझी मुलगी तशी, हे सगळं तिनेच ठरवलंय. तेवढ्यात बाबा कानाशी येऊन म्हणाले, जरा जाऊन येतो. ऑपरेशन झाल्यापासून त्यांना दम निघत नाही, तुला ठाऊक आहे. पण स्वच्छतागृह पार बागेत, आणि तिकिटावर आत सोडायची वेळ छापलेली. मी म्हटलं, वेळ टळली तर पोरीची तिकिटं फुकट जातील, आत असेलच की. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले. तेव्हा तर मी मानही वळवली नाही, कारण त्या बायकांना तुझ्या नोकरीचं सांगत होते.

आत नव्हतं. आरसेमहालात पोचलो आणि व्हायचं ते झालं. अंगात ती क्रीम रंगाची पॅन्ट, आणि चारी भिंतींना आरसे. जिकडे बघावं तिकडे तेच. लोक बाजूला सरकले. त्या दोघींतली एक नाकाला रुमाल लावून ईऽ म्हणाली. तिथे देखरेखीला एक मुलगी होती, तुझ्याच वयाची. ती धावत आली आणि मला विचारलं, हे तुमच्याबरोबर आहेत का?

मी नाही म्हणाले.

अजून लाजेने जीव जातो गं माझा. ज्या माणसाबरोबर सारा संसार केला, त्याला मी ओळखही दाखवली नाही, आणि कुणासाठी, तर ज्यांची नावंही विचारली नव्हती त्या दोन बायकांसाठी! बाबांनी ऐकलं होतं. माझ्याकडे न बघता ते त्या मुलीला म्हणाले, मी एकटाच आलोय बाळ, माफ कर, तुमचा गालिचा खराब झाला. तिने त्यांना मागच्या दाराने नेलं. मी त्या बायकांच्या मागोमाग उरलेली दालनं फिरले. काय बघितलं म्हणशील तर मला एक खोली आठवत नाही.

बागेत ते कारंज्याजवळच्या बाकावर बसले होते. मला बघून म्हणाले, कारंज्याचं पाणी उडालं बघ अंगावर. मी हो म्हटलं. मग माझी पर्स मागून मांडीवर घेतली आणि म्हणाले, काढ फोटो, पोर वाट बघत असेल. तोच फोटो बघून तू खो खो हसलीस, बाबा पर्स सांभाळतायत म्हणून. तेही हसले. त्या दिवसाबद्दल अजून एका शब्दाने बोलले नाहीत. चांगले भांडले असते तर बरं झालं असतं.

म्हणून हे लिहितेय. तो मुलगा त्यांना नकोसा नाही गं. आपल्यामुळे तुला त्याच्या घरच्यांपुढे मान खाली घालावी लागेल, याची धास्ती घेतलीय त्यांनी, आणि ती धास्ती त्यांच्या मनात मी घातलीय. त्यांच्यावर रुसू नकोस. राजवाड्याची तिकिटं रद्द कर आणि नुसत्या बागेची काढ. तिथे वेळेची घाई नाही, आणि स्वच्छतागृहही तिकडेच आहे. त्यांना आपणहून फोन कर, मी काही सांगितलंय हे मात्र कळू देऊ नकोस. पत्र पेटीत टाकून आले की मी त्यांची माफी मागणार आहे. आधी टाकते, म्हणजे ऐनवेळी कच खाता येणार नाही. आणि बागेत जाऊ त्या दिवशी फाटकातून आत शिरताना त्यांचा हात माझ्या हातात असेल, कुणी विचारो न विचारो.

तुझीच,
आई

ता. क. चॉकलेटी पॅन्ट धुऊन, इस्त्री करून ठेवलीय.