चौथा गोंडा

मंगळवार, २८ जानेवारी. सकाळी ६ वाजून २० मिनिटं.

स्वयंपाकघराच्या टेबलावर आजोबांची शाल पसरून कोपऱ्यांना कापडी पट्टे शिवत होतो. चौथ्या कोपऱ्यावर धागे लोंबत होते. कातरले.

धागे नव्हते. गोंडा होता.

आता सहा पंचवीस. गोंडा डाव्या मुठीत आहे, उजव्या हातानं हे लिहितोय. घरात अजून कोणी उठलेलं नाही.

त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीत.

नीट लिहून काढतो, म्हणजे डोकं शांत होईल.

ताईचं लग्न रविवारी, १६ फेब्रुवारीला. हॉल नको, केटरर नको, सजावटवाला नको. ‘भाड्याचं काही नको, सगळं आपल्या हातचं हवं,’ हे तिचं पालुपद. होणाऱ्या जावयांच्या काकांचं मोकळं शेत आहे, तिथे शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत सगळ्यांनी राहायचं. शुक्रवारी शब्बाथचं, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचं जेवण, शनिवारी प्रार्थना आणि आराम, रविवारी दुपारी लग्न. हुप्पा मी बांधायचा. म्हणजे चार काठ्या आणि वर एक कापड, त्याखाली नवरा-नवरी उभे राहतात. कापड म्हणून ताईनं आजोबांची तल्लीत मागितली. प्रार्थनेच्या वेळी पांघरायची त्यांची मोठी लोकरी शाल. त्यांनी लगेच दिली.

‘रविवारी वापरा, सोमवारी परत द्या,’ म्हणाले. ‘मला तीच पांघरून जायचंय.’

‘कुठे?’ ताईनं विचारलं.

‘तुझ्या सासरी नाही गं बाई, घाबरू नकोस!’

सगळे हसले. मीही हसलो.

मी वर्कशॉपमध्ये आठ वर्षं ताडपत्र्या आणि तंबू शिवतोय. मालकांचा एकच मंत्र: लोंबता धागा म्हणजे लोंबती अब्रू. शिलाई संपली की हात आपोआप कोपऱ्याकडे जातो आणि कात्री चालते. डोकं लागत नाही. डोकं तेव्हा खुर्च्यांत होतं. पाहुणे ८४, खुर्च्या ७१.

आम्हा ज्यूंमध्ये माणूस गेला की त्याला त्याच्याच शालीत गुंडाळून पुरतात. आणि पुरण्याआधी शालीच्या चार गोंड्यांपैकी एक कापतात. का, तर आता त्याला प्रार्थनेची गरज उरली नाही. जिवंत माणसाच्या शालीचा गोंडा कोणी कापत नाही.

बाबांच्या शालीचा कापला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. कात्री आजोबांच्या हातात होती. बापानं मुलाचा गोंडा कापला. हात जरासुद्धा हलला नाही त्यांचा. त्यानंतर मी शाळेत गेलो नाही.

बुधवार, २९ जानेवारी.

गोंडा या वहीत ठेवलाय, मागच्या पुठ्ठ्याच्या आत. रंग पिवळसर, जुन्या दातासारखा. आठ पदर, पाच गाठी.

आजोबा तीन आठवडे दुसरी, सुती शाल वापरणार आहेत. तेवढाच वेळ आहे. सांगावं का? ‘आजोबा, मी तुमचा गोंडा कापला’ — हे वाक्य चार वेळा मनात म्हणून पाहिलं. चारही वेळा त्यात बाबा दिसले.

गुरुवार, ३० जानेवारी.

आजोबांना खोकला. सकाळी सतरा वेळा खोकले. मोजले मी.

शनिवार, १ फेब्रुवारी, तारे दिसल्यावर.

शब्बाथला लिहायचं नसतं, तो तारे दिसले की संपतो, म्हणून आत्ता लिहितोय. सकाळी प्रार्थनाघरात आजोबांशेजारी उभा होतो. सुती शालीचे चारही गोंडे त्यांनी एकेक करून गोळा केले, डाव्या मुठीत धरले, ओठांना लावले. मोतीबिंदूमुळे त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळतं. पण बोटांना सगळं कळतं. भाजीत मीठ कमी आहे हे ते वाटीला हात लावून सांगतात, असं आत्या म्हणते.

खोकला तसाच. आत्यानं आल्याचा काढा दिला. माझ्या मनात येतंय ते लिहिणार नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी.

हज्जानांना भेटलो. आमच्या प्रार्थना तेच म्हणवतात, एरवी घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावून बसले होते. मी सहज विचारल्यासारखं केलं.

‘समजा, एखाद्याच्या शालीचा गोंडा तुटला, तर?’

‘तर नवीन बांधायचा. शाल तीच चालते.’

‘आणि तुटला नसेल, कापला गेला असेल?’

भिंग वर गेलं. ‘कोणी कापला?’

‘कोणी नाही. समजा.’

‘या गावात तूच एक माणूस समजा-समजा करत फिरतोस,’ ते म्हणाले. ‘पुढे बोल.’

मी भिंतीवरची घड्याळं मोजू लागलो. पण धाग्यांची पुडी त्यांनी आपणहून काढून दिली. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, ‘बांधताना मन दुसरीकडे नको. सात वेढे, आठ, अकरा, तेरा. मधे दुहेरी गाठी. आणि बांधून झालं की ज्याची शाल आहे त्याला जाऊन सांग.’

पहिला भाग मी करू शकतो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी.

ताईची यादी आता अकरा पानांची. जॅमच्या बरण्यांचे दिवे ६०. त्यांतल्या ४३ बरण्यांची लेबलं निघाली, सतरा चिकट. लग्नाचा करार ती स्वतः रंगवतेय, कडेला डाळिंबं. एक डाळिंब कांद्यासारखं आलंय. जावई म्हणाले, ‘छान आहे, आयुष्यभर रडायची सोय झाली.’ ती दिवसभर बोलली नाही त्यांच्याशी.

मला म्हणाली, ‘तू एकटाच माणूस आहेस ज्याच्यावर मी डोळे मिटून विसंबते.’

यादीत ‘हुप्पा’ पुढे तिनं हिरवी खूण केली होती. मी तिला ती खोडायला सांगू शकलो नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी.

गोंडा बांधला. तीन वेळा उसवून चौथ्यांदा. मन दुसरीकडे नको म्हणाले होते, पण मन दुसरीकडेच होतं. गाठी चांगल्या आल्या. पण पांढराशुभ्र! बाकीचे तिघे पिवळे आणि हा जणू नवा भरती झालेला शिपाई.

चहात बुडवला. आधी पाच मिनिटं, मग अकरा. खिडकीत वाळवला. आता रंग जुळतो. उजेडात धरून चारही शेजारी शेजारी पाहिले. मला फरक दिसत नाही.

एवढी सफाई माझ्या हातून आजवर कुठल्याच चांगल्या कामात झाली नव्हती.

मंगळवार, ११ फेब्रुवारी.

खोकला थांबला. खूप वेळ रडलो. न्हाणीघरात, नळ सोडून.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी. दुपार.

शेतावर आलो. घाईत लिहितोय, सूर्यास्तापूर्वी वही बंद करायची. स्वयंपाक सगळा झालाय, उद्या शब्बाथ, चूल पेटवायची नाही. गरम पाण्याचा मोठा डबा सकाळपासून मंद आचेवर. तंबू सहा, त्यांतले पाच मी उभे केले, सहावा जावयांनी, तो वाकडा. वारा पूर्वेकडून.

आता मोठीच अडचण! आजोबांना उद्या सकाळच्या प्रार्थनेला सुती शाल नको, मोठीच हवी म्हणतात. ‘नातीच्या लग्नाचा शब्बाथ आहे. उद्या शाल मी पांघरणार, रविवारी ती तिच्या डोक्यावर.’ आत्यानं पट्टे उसवले, शालीला हलकी इस्त्री केली, पांढऱ्या कापडात गुंडाळून त्यांच्या उशाशी ठेवली. मी नुसता बघत राहिलो.

सूर्य खाली चाललाय. बंद करतो.

शनिवार, १५ फेब्रुवारी, तारे दिसल्यावर.

तिसरा तारा दिसला तशी वही उघडली.

सकाळी झाडाखाली उभे होतो. मी आजोबांच्या डाव्या बाजूला, पुस्तकाची पानं उलटायला. त्यांना सगळं पाठ आहे, पण पानं उलटलेली त्यांना ऐकायला आवडतात. त्यांनी गोंडे गोळा केले. एक. दोन. तीन. चौथ्यावर अंगठा थांबला. वेढ्यांवरून खाली सरकला, परत वर गेला. माझ्या कानात नुसता वारा.

मग चारही ओठांना लावले. आणि ‘हं’ म्हणाले.

प्रार्थना पुढे चालू झाली. मी चुकीचं पान उलटलं.

जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, ‘शालीला चहाचा वास येतो.’

आत्या ताडकन उठली. ‘मी कशाला चहा सांडू? कापडात गुंडाळून ठेवली होती मी!’

‘आत्याच्या हातात कप दिला की अर्धा बशीत, अर्धा साडीवर,’ ताई म्हणाली. टेबलभर हशा. लग्नात नवरदेवानं पायानं काचेचा पेला फोडायची आमची रीत आहे. जावयांनी भर घातली, ‘उद्या आत्यांना पेल्याजवळ जाऊ देऊ नका, माझ्याआधी त्याच फोडतील!’

‘असू दे, असू दे,’ आजोबा म्हणाले.

आत्या हसल्यासारखं करून रुमालांच्या घड्या घालायला तंबूत गेली. घड्या कालच घालून झाल्या होत्या. बाबा गेल्यावर याच बाईनं दुसऱ्यांचे कपडे शिवून आम्हाला वाढवलं. मी तिच्या मागे गेलो नाही. बटाटा चावत बसलो. तो किती वेळ चावत होतो कोण जाणे.

रविवार, १६ फेब्रुवारी. रात्री.

झालं लग्न.

पट्टे पहाटे पुन्हा शिवले. काठ्यांना चौघं. ईशान्येची काठी मी मागून घेतली. त्याच कोपऱ्याला माझा गोंडा. वारा आला की तो ताईच्या डोक्यावर हलायचा. ती वर बघून हसली, मग माझ्याकडे बघून हसली. मला काठी सोडून पळून जावंसं वाटलं. पण काठी सोडली असती तर शाल पडली असती.

करार वाचला, कांद्यासकट. पेला एका लाथेत फुटला. मझल तोव, अभिनंदन! सगळे नाचायला धावले. आजोबांना खुर्चीसकट उचललं, ते ओरडत होते, ‘अरे, मी नवरदेव नाही!’

मग आत्याला गाठून सांगितलं, ‘चहा माझ्या हातून लागला शालीला.’

‘मग काल मूग गिळून का बसला होतास?’

तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला, मग तिथेच हात ठेवला. ‘एवढंच ना? चहाच ना?’

‘हो. चहाच.’

खरं सांगायला गेलो आणि आणखी एक खोटं बोलून आलो.

सोमवार, १७ फेब्रुवारी.

शाल परत दिली. त्यांनी घडी स्वतः घातली, गोंडे आत घेऊन. मी दारात उभा राहिलो. ‘काही बोलायचंय का?’ विचारलं त्यांनी. ‘नाही,’ म्हणालो.

रविवार, २७ एप्रिल.

सकाळी आजोबांनी हाक मारली. ‘कागद आण. तुझं अक्षर चांगलं आणि चुका होत नाहीत. माझ्यामागे काय करायचं ते लिहून ठेवायचंय.’ खोकला नाही, ताप नाही, नाश्त्याला दोन अंडी खाल्लेली. ‘ठणठणीत असतानाच लिहावं,’ म्हणाले. मी लिहीत गेलो.

कबरीच्या जागेचे पैसे: पूर्ण दिलेले. पावती कपाटात, उजवीकडे.
दगडाचे: बारा हजार दिले, आठ हजार देणं. डब्यात ठेवलेत.
हज्जानांचं देणं: धाग्यांच्या एका पुडीचे. ते घेणार नाहीत, तरी द्यावेत.

माझा हात थांबला. ‘लिही,’ म्हणाले. ‘पुढे लिही.’

शाल: लोकरी. एक गोंडा कापायचा असतो, तो जुन्या तिघांतला कापावा. चौथ्याच्या अकरा वेढ्यांच्या जागी बारा आहेत. तो माझ्या नातवानं बांधलाय. त्याला कात्री लावू नये. तो माझ्याबरोबर येईल.

‘आजोबा —’

‘आधी लिही, मग बोल. काना-मात्रा बघ नीट.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘शेवटची ओळ.’

नातवाकडून येणं: काही नाही.