तीच वेलांटी

कार्तिक वद्य पंचमी, शके १८६५

रात्र झाली, तरी लिहितोच. दिवेलागणीला बाबू लोहार आला, माझा जुना विद्यार्थी. एका हातात घण, दुसऱ्यात चिठ्ठी. इंग्रजांविरुद्ध भूमिगत होऊन उसात लपलेल्या त्याच्या पोराला पोलिसांनी गोळी घातली ती याच निनावी चिठ्ठीवरून. कुणा शिपायानं ती त्याला गुपचूप दिली.

"गुरुजी, गावाला लिवायला तुमीच शिकिवलं. कुणाचं अक्षर हाय?"

ती वेलांटी! वेलीसारखी झुकलेली. पाहताक्षणी ओळखली.

"चष्म्याशिवाय दिसत नाही रे."

"आवं, नाकावर हाय की चष्मा!"

दोघंही हसलो. मग तो रडला. "उद्या दिस मावळायच्या आत नाव सांगा. न्हाईतर ज्याच्यावर संशय, त्याचं डोस्कं फोडतो."

गणू. वर्गात सगळ्यांत गोड कविता म्हणणारा माझा गणू! कविता उतरवून घेतानाही तीच वेलांटी. नाव सांगितलं तर तो मरेल. नाही सांगितलं तर दुसराच कुणी.

किती वर्षांनी शाळेला निघाल्यासारखं वाटतंय! माळ्यावरची छडी काढून पुसून ठेवली. उजाडताच गणूच्या दारात जाणार. त्याच्या तोंडून कबूल करवणार, कान धरून बाबूपुढे उभा करणार. घण उठलाच, तर मध्ये मी असेन.